सुई कुठे टेकते ते आधी बघा

मागच्या अंकात घरात बंद पडून असलेल्या रेकॉर्ड प्लेअरबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांचा प्रश्न एकच: कोणता प्लेअर घेऊ? नाशकात भद्रकालीतल्या आमच्या दुकानात सासऱ्यांच्या काळापासून रेडिओ आणि चेंजर (एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणारे प्लेअर) दुरुस्तीला येतात. तिथे कोणी हा प्रश्न घेऊन आलं की मी उलट विचारते, घरात रेकॉर्ड कोणत्या आहेत? लाखेच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे), की व्हिनाइलच्या एलपी? ते कळलं की अर्धं काम झालं. पेटी, पॉलिश, दिवे, ब्लूटूथ हे सगळं नंतर. पैसे घालायचे ते सुई रेकॉर्डला टेकते तिथे.

इंदिरानगरहून एक वाचक: ताई, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मामांनी त्यांच्या सगळ्या एलपी मला दिल्या, जुनी हिंदी गाणी आणि थोडी नाट्यगीतं. बजेट १५ हजार, फार ताणलं तर १८. ऑनलाइन सुटकेससारखे प्लेअर सहा-सात हजारांत दिसतात, स्पीकर आणि ब्लूटूथ आतच. तो घेऊन उरलेल्या पैशांत रेकॉर्ड घ्याव्यात का? माझ्याकडे कॉम्प्युटरचे ऑक्सवाले स्पीकर आहेत.

सुटकेस नको. या पेट्यांवर नाव कुठलंही असो, आत बहुतेक एकाच ठशाचा प्लास्टिकचा टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आणि स्वस्तातलं सिरॅमिक कार्ट्रिज (सुईची थरथर विजेत बदलणारी डबी) निघतं. सुईचा भार ५ ग्रॅमच्या आसपास पडतो आणि तो कमी-जास्त करायला मागे वजनच नसतं. त्यात स्पीकर त्याच पेटीत. तबल्याचा ठेका घुमला की पेटी हलते, पेटी हलली की सुई हलते, आणि आवाज जरा वाढवला की उड्या सुरू. एकदा वाजवली की रेकॉर्ड संपली म्हणून घाबरवणारेही भेटतील. तसं काही नसतं, पूर्वी घरोघरी याहून जड सुया चालायच्या. पण मामांनी जपलेली एलपी रोज त्याखाली घालावी अशा लायकीचं ते यंत्र नाही.

तुमच्या पैशांत ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी६०एक्स बसतो का ते बघा. भाव वरखाली होतो, सेलमध्ये बसायला हरकत नाही. बेल्टवर चालतो, स्पीड दोनच, ३३ आणि ४५. बटण दाबलं की आर्म आपोआप जाऊन टेकतो आणि रेकॉर्ड संपली की परत येतो, त्यामुळे झोप लागली तरी सुई शेवटच्या घरात (घर म्हणजे रेकॉर्डवरची खाच) रात्रभर घासत बसत नाही. मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे आत चुंबक हलणारं, कार्ट्रिज आहे, भार सुटकेसपेक्षा बराच हलका. कार्ट्रिज बदलता येत नाही आणि भारही जुळवता येत नाही, ही त्याची मर्यादा. सुई मात्र ओढून काढता येते आणि वेगळी मिळते. मी नवशिक्याला हाच सांगते, कारण चुकीचा बसवायला त्यात काही जागाच नाही.

आता जोडणी. सगळे अडकतात ते इथे. असल्या कार्ट्रिजमधून निघणारा सिग्नल व्होल्टच्या काही हजारांश भागाएवढा असतो. शिवाय रेकॉर्ड कापतानाच बास दाबलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात. १९५४ पासून ह्याचं एक ठरलेलं माप आहे, त्याला आरआयएए म्हणतात. वाजवताना ते उलटं करावं लागतं. ते काम फोनो प्रीअँपचं. या प्लेअरमध्ये तो आतच आहे आणि त्याला खटका आहे, एका बाजूला ‘फोनो’, दुसऱ्या बाजूला ‘लाइन’. तुमचे स्पीकर ऑक्सवाले, म्हणजे खटका लाइनवर. फोनोवर राहिला तर आवाज बारीक येईल आणि बास गायब असेल, आणि तुम्ही म्हणाल मशीन खराब निघालं. उलट, लाइनवर ठेवून जुन्या अँपच्या फोनो सॉकेटमध्ये घातलं तर आवाज फाटेल.

प्लेअर काचेच्या शोकेसवर ठेवू नका, स्पीकरशेजारी त्याच टेबलावर तर नाहीच. भिंतीत कडप्प्याची फळी असेल तर याहून चांगली जागा नाही. गवंड्याकडे असते तसली लेव्हल वर ठेवून बुडबुडा मध्ये आहे का पाहा, नसेल तर खाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवा.

सेकंडहँड घ्यायचा विचार असेल तर पुण्याचा जुना बाजार (बुधवारी आणि रविवारी भरतो) किंवा मुंबईचा चोरबाजार. जाताना आपली एक रेकॉर्ड बरोबर न्या, जिच्यात हार्मोनियमचा किंवा सनईचा लांब सूर आहे अशी. विकणारा नेहमी ढोल-ताशाची गाणी लावून दाखवतो, कारण त्यात स्पीडचा दोष झाकला जातो. लांब सूर डगमगला की समजा बेल्ट, बेअरिंग नाही तर मोटर यांपैकी काहीतरी गेलंय. मग प्लेअर बंद करून आर्म हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवा. खटखट लागली तर पैसे खिशात ठेवा. सुई मात्र, विकणारा ‘एकदम नवी’ म्हणाला तरी, जुनी धरूनच हिशेब करा. हिऱ्याची चांगली सुई ५०० ते १००० तास जाते, आणि आधीच्या मालकाने किती तास वापरली ते कुठे लिहिलेलं नसतं.

पंचवटीहून एक वाचक: सासूबाईंच्या माहेरून आलेल्या जाड काळ्या रेकॉर्डची एक पेटी आमच्याकडे आहे. त्यात गायक बापूराव पलुसकरांच्या काही आहेत. ओळखीचे एक गृहस्थ पितळी भोंग्याचा जुना एचएमव्ही ग्रामोफोन १२ हजारांना देतो म्हणतात. घ्यावा का? रेकॉर्डवर बुरशीसारखं पांढरं आलंय, ते स्पिरिटने पुसलं तर चालेल का?

स्पिरिटची बाटली आधी बाजूला ठेवा, बाकीचं मग. या रेकॉर्ड लाखेच्या आहेत आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुताराला विचारा, फ्रेंच पॉलिश तो असंच तर बनवतो. मऊ कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळा, भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब घ्या, आणि घरांच्या दिशेने गोल पुसा. लेबलाला पाणी लावू नका, लगेच कोरड्या कापडाने टिपा, उन्हात वाळवू नका. बादलीत भिजत तर अजिबात घालायच्या नाहीत. काही रेकॉर्डच्या पोटात पुठ्ठ्याचा थर असतो, तो फुगला की वरचा लेप फुटतो.

आता भोंगा. चकचकीत पितळी भोंगा, नवंकोरं लाकूड, त्यावर कुत्र्याचं चित्र आणि भाव १२ हजार, हे ऐकूनच माझा कान टवकारतो. असे ‘अँटिक’ ग्रामोफोन आजही जुने-नवे भाग जुळवून तयार होतात. शोभेला ठीक असतात. साउंडबॉक्सचा (पिन बसते त्या डबीचा) पडदा सैल, आर्मचा कोन चुकलेला, चावीची स्प्रिंग दोन मिनिटांत ढेपाळते, आणि गाणं तर तीन मिनिटांचं! खरा जुना असला तरी त्याचा भार १०० ग्रॅमच्या वर असतो आणि पोलादी पिन एक बाजू वाजवली की फेकायची असते. पिन वाचवायला गेलात तर ती रेकॉर्ड कापते. पाहुण्यांना ऐकवायला एखादी सामान्य रेकॉर्ड लावा, पलुसकरांची नको.

त्यांच्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही, गावचेच आहेत. विष्णु दिगंबरांचे हे चिरंजीव १९२१ साली नाशकातच जन्मले, आणि १९५५ मध्ये, ऐन भरात, गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या रेकॉर्ड या ७८ च्याच, अख्खा राग तीन-साडेतीन मिनिटांत मांडलेला. तुमच्या पेटीतली एकही फुटली तरी मला वाईट वाटेल. उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका.

ऐकायच्या कशा? ७८ चं घर एलपीच्या घरापेक्षा खूप रुंद. त्याला ३ मिलची सुई लागते, म्हणजे इंचाचा तीन हजारांश भाग. एलपीची सुई साधारण ०.७ मिलची असते. एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती घराच्या तळाशी जाऊन कचऱ्यावरून चालते, गाणं कमी आणि खरखर जास्त. म्हणून नवं घ्यायचं तर ७८ स्पीड हवा आणि वेगळी सुई हवी. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी१२०एक्समध्ये दोन्ही जमतं. त्यातल्या व्हीएम९५ कार्ट्रिजला ७८ साठीची एसपी नावाची सुई नुसती सरकवून बसते. पण तो वरच्या दादांच्या बजेटच्या दुप्पट जातो. कमी खर्चातला दुसरा मार्ग म्हणजे जुना चार स्पीडचा प्लेअर, ज्याच्या कार्ट्रिजला उलटवायची दांडी असते: एका बाजूला एलपीची सुई, दुसऱ्या बाजूला ७८ ची. तो कुठे मिळेल म्हणाल तर पुढचं पत्र वाचा. तिथे एकजण असलाच काढून टाकायला निघालेत.

प्लेअर कुठलाही मिळो, एकदा चांगला वाजला की कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि मूळ रेकॉर्ड पेटीत ठेवून द्या. ७८ स्पीड नसलेल्या प्लेअरवर ४५ ने वाजवून ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये १.७३३ पट वेग वाढवला तरी सूर जागेवर येतो. सुई मात्र ३ मिलचीच हवी, तिथे तडजोड नाही.

गंगापूर रोडहून एक वाचक: वडिलांनी साठच्या दशकात घेतलेला रेडिओग्राम आहे, म्हणजे रेडिओ आणि प्लेअर एकाच कपाटात, व्हॉल्व्हचा, आत गॅरार्डचा चेंजर. गेली कित्येक वर्षं बंद. मध्यंतरी लावून पाहिला तर घूं आवाज आला, थाळी कुथत फिरली, आर्म मध्येच अडकला. सूनबाईंना त्याचा मिनी बार करायचाय. कॅबिनेट सुंदर आहे. आतलं काढून टाकावं का?

नाशकात वाइनच्या बाटल्या ठेवायला जागा मिळत नाही असं मी तरी ऐकलेलं नाही. सूनबाईंना दुसरं कपाट घेऊन द्या. थट्टा सोडा, पण एक कळकळीची विनंती: तो पुन्हा प्लगला लावू नका. तुमचं नशीब की फक्त घूं झालं. इतकी वर्षं पडून राहिल्यावर आतले कपॅसिटर सुकतात, कागदाचे असतील ते गळतात. अशात सरळ करंट दिला की व्हॉल्व्ह जातो, नाही तर ट्रान्सफॉर्मर, आणि ट्रान्सफॉर्मर गेला की खर्चाचा आकडा बदलतो. दुकानात आम्ही असा सेट आधी सिरीज बोर्डवर लावतो. जुना १०० वॉटचा तारेचा बल्ब मध्ये असतो. तो भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, सेट वाचला. काही जुन्या सेटमध्ये तर पॉवर ट्रान्सफॉर्मरच नसतो, सगळी चेसिस (आतला पत्र्याचा सांगाडा) मेन्सच्या एका वायरला जोडलेली. त्याचा स्क्रू हाताला लागला तरी झटका. आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. म्हणून अँपचा भाग व्हॉल्व्हची सवय असलेल्या मेकॅनिककडेच द्या, मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे नको.

चेंजरचं काम मात्र घरी जमण्यासारखं आहे. प्लग काढलेला, थाळी वर उचललेली. खाली मोटरचा दांडा दिसेल, पायऱ्या पायऱ्यांचा. प्रत्येक पायरी एका स्पीडची. त्याला टेकून एक रबरी चाक, आणि ते चाक थाळीच्या आतल्या कडेला घासून तिला फिरवतं. तेच आयडलर. तुमची थाळी कुथते ती बहुधा त्याच्यामुळे: रबर कडक होऊन चकाकायला लागतं, पकड जाते. बारीक पॉलिश पेपर धरून चाक हाताने फिरवत वरची चकाकी काढा आणि स्पिरिटने पुसा (इथे स्पिरिट चालतं, लाख नाही). थाळीची आतली कड आणि मोटरचा दांडाही पुसा. फिरवताना ठप ठप असा आवाज येत असेल तर चाकाला एका जागी खड्डा पडलाय. स्पीडचं बटण ३३ वर ठेवून वर्षानुवर्षं बंद ठेवलं की दांडा रबरात रुततो. पुढे लक्षात ठेवा, ऐकून झालं की बटण बंदवर, म्हणजे चाक सुटं होतं.

खड्डा खोल असेल तर नवं चाक लागेल. ते बाजारात मिळेलच असं नाही, पण आपण नाशकात राहतो. सातपूर-अंबडला लेथवाले काय कमी आहेत? जुनं चाक नमुना म्हणून द्या, त्याच बोअरची (मधल्या भोकाची) चकती कातून घ्या आणि कडेला ऑइल सीलवाल्याकडची ओ-रिंग बसवा. इथे लोक उगाच मायक्रोमीटर घेऊन बसतात. चाकाचा व्यास थोडा कमी-जास्त झाला तरी स्पीड बदलत नाही. स्पीड ठरतो दांड्याची पायरी आणि थाळीची कड यांच्या मापावर, चाक फक्त मधला निरोप्या. गोल मात्र ते अचूक हवं.

आर्म अडकतो त्याचं कारण जुनं ग्रीस. पन्नास-साठ वर्षांत त्याचा डिंक होतो. थाळीखालच्या मोठ्या दातेरी चक्रावर आणि सरकणाऱ्या पट्ट्यांवर तपकिरी मेणासारखं दिसेल ते. रॉकेल किंवा स्पिरिट लावलेल्या जुन्या टूथब्रशने सगळं काढा, नवं ग्रीस नखाच्या टोकावर मावेल एवढंच. मोटरच्या बेअरिंगना शिलाई मशीनचं तेल, एकेक थेंब. स्प्रे मारू नका, तो उडून रबरावर जातो आणि सगळी मेहनत वाया.

स्पीड तपासायला ३३ साठी १८० रेघांची स्ट्रोब चकती छापून घ्या. चोकवाली जुनी ट्यूबलाइट आपल्या ५० हर्ट्झवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. तिच्याखाली रेघा स्थिर दिसल्या की स्पीड बरोबर. पुढे सरकल्या तर जलद, मागे सरकल्या तर मंद. एलईडीखाली बहुतेकदा हे दिसत नाही.

कार्ट्रिज क्रिस्टलचं असेल तर ओल लागून मेलेलं असण्याची शक्यता मोठी, आपल्याकडच्या पावसाळ्यात ते टिकतच नाही. त्याजागी सिरॅमिक बसवा, दोन सुयांचं उलटतं मिळालं तर उत्तमच. मूव्हिंग मॅग्नेट बसवायचा मोह आवरा. चेंजरचा आर्म इतक्या हलक्या भारावर रेटत नाही, मोटरची घूं त्यात उतरते, आणि जुन्या अँपला तेवढासा सिग्नल पुरतही नाही. भार मोजायला सराफ बाजारात दिसतात तसला छोटा डिजिटल काटा ऑनलाइन काही शेकड्यांत येतो. सुई काट्यावर टेकवताना उंची रेकॉर्डएवढीच राहील असं बघा, नाहीतर आकडा चुकतो.

समजा मेकॅनिकने हात टेकले, ट्रान्सफॉर्मरच जळालाय. तरी बार नको. चेसिस आणि चेंजर नीट काढून ठेवा (सुट्या भागांसाठी माझ्यासारखे लोक हात जोडून येतील), आणि कॅबिनेट व स्पीकर वापरा. जुन्या मोठ्या स्पीकरला थोड्या वॉटमध्ये भरपूर आवाज असतो. १२ व्होल्टचा छोटा ब्लूटूथ अँप पुरे. फक्त मल्टीमीटरने स्पीकरचे ओहम मोजा. जुने ३ ओहमचेही असतात, आणि अँप तेवढं सोसणारा हवा. रेडिओग्राम मोनो असेल तर अँपमध्ये जाणाऱ्या सिग्नलची डावी-उजवी वायर एकत्र पिळू नका, दोन्हीत एकेक किलोओहमचा रेझिस्टर घालून मग जोडा. मागचा भोकांचा पुठ्ठा फेकू नका आणि त्याजागी प्लायवूड ठोकू नका, स्पीकरला श्वास लागतो. खालच्या फळीला वाळवी आहे का तेही एकदा ठोकून बघा.

पण आधी मेकॅनिक. आणि चेंजर जिवंत झाला तर पंचवटीच्या ताईंना एक दुपार बोलवा, त्यांच्याकडे पलुसकर आहेत.

देवळाली कॅम्पहून एक वाचक: मुलाने अमेरिकेतून त्याच्या घरमालकाचा जुना टर्नटेबल आणला. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो, पण गाणी रेंगाळतात, लतादीदींचा आवाज भलताच जड येतो. बेल्ट नवीन घातला, फरक नाही.

फरक पडणार नाही. तुम्ही व्होल्टेज बदललं, हर्ट्झ नाही. तिकडे ६०, इकडे ५०, आणि जुनी एसी मोटर हर्ट्झच्या हिशेबाने फिरते. त्यामुळे ३३ च्या जागी २८ च्याही खाली चाललाय. काही कंपन्या ५० हर्ट्झसाठी वेगळी पुली द्यायच्या, ती सापडली तर उत्तम. नसेल तर लेथवाल्याकडून २० टक्के जास्त व्यासाची पुली कातून घ्या. बेल्टवाल्यात हे सहज होतं, कारण बदलायची ती एकच पुली. आणि मुलाला सांगा, पुढच्या वेळी डीसी अडॅप्टरवर चालणारा आण, त्याला हा त्रास नसतो.

सिन्नरहून एक वाचक: खराब एलपी गरम करून त्यांच्या वाट्या करतात असा व्हिडिओ पाहिला. आमच्या महिला मंडळात करायचा विचार आहे. रेकॉर्ड कुठे स्वस्त मिळतील?

ज्या खरंच खराब आहेत त्याच घ्या, आणि तसं ठरवायच्या आधी एकदा धुऊन वाजवून बघा. अर्ध्याअधिक ‘खराब’ एलपी नुसत्या मळलेल्या असतात. डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, आणि आवाज परत. एखादी खोल ओरखडा पडलेली असेल तर तीही मला द्या, नवीन सुई जुळवताना आम्हाला अशीच लागते. एवढं करून उरल्याच, तर वाट्या करा, पण खिडक्या उघड्या ठेवून, कारण ते पीव्हीसी आहे, तापलं की त्याची वाफ वाईट. त्यात चिवडा ठेवू नका. किल्ल्या ठेवा.